पाराबाईंचा फळा

धक्क्याच्या तोंडाशी दिव्याच्या खांबाला टांगलेला तो फळा शाळेतल्या फळ्याच्या निम्माही नव्हता, पण त्याला हात लावायची कोणाची छाती होत नसे. एकदा एकाने त्यावर जुनं इंजिन विकायची जाहिरात लिहिली. पाराबाईंनी त्या माणसाला शोधून काढलं आणि भर बाजारात त्याच्या काळ्या कोटाला फळ्याचं डस्टर पुसलं. दुसऱ्याने चौकटीवर हरवलेल्या कुत्र्याचा फोटो चिकटवला, तर बाईंनी मालकाला सुनावलं आणि कुत्रा सापडल्यावर त्यालाही सुनावलं. मागच्या थंडीत कोणीतरी एक छापील कागद डकवून गेलं होतं. तो त्यांनी वाचायचीही तसदी न घेता टरकावला आणि पाण्यात भिरकावला. फळा पाण्याचा आणि माशांचा, बाकीच्यांनी आपापल्या भिंती शोधाव्यात, असा त्यांचा कायदा होता.

फळ्यावर रोज पाच ओळी असत. पाणी किती अंश, वारा कुठला, भरती-ओहोटी किती वाजता, मासा कुठे आहे, आणि शेवटी तो धरायचा कसा. पहिल्या चार ओळी कोणीही लिहिल्या असत्या. पाचवी मात्र पाराबाईंचीच. ‘पाणी गार आहे, मासा सुस्त आहे. आमिष तळाला टेकवा आणि दोरी हळू ओढा. हळू म्हणजे हळू. ज्यांना घाई आहे त्यांनी बाजारातून मासे विकत घ्यावेत.’ लोक हसत, पण दोरी हळू ओढत.

पाराबाई हे नाव थर्मामीटरवरून पडलं होतं. पितळी नळीत बसवलेला, लांब दोरीला बांधलेला तो थर्मामीटर गळ्यात अडकवून बाई रोज भरतीला धक्क्यावर जात. नाव स्वभावालाही शोभत होतं, पण ते कोणी त्यांच्या तोंडावर बोलत नसे. बासष्ट वर्षांचं वय, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि नाकावर माशी बसू न देणारी बाई. गळ, दोऱ्या, शिसाची वजनं आणि आमिष विकायचं त्यांचं दुकान धक्क्यासमोरच होतं. गिऱ्हाइकाने चुकीचा गळ मागितला तर त्या देत नसत. वर त्याचं तोंड बघायच्या, हा मनुष्य मासे धरायला निघालाय की हवा खायला, अशा नजरेने.

बाई मूळच्या समुद्राकाठच्या नव्हत्या. त्यांचे वडील दूरच्या शहरात घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपण काट्यांच्या आणि चाकांच्या संगतीत गेलेलं, त्यामुळे काटा सांगेल ते खरं आणि माणूस सांगेल ते तपासून घ्यायचं, हे हाडात मुरलेलं. लग्न होऊन या दुकानात आल्या तेव्हा त्यांना ताजा मासा आणि शिळा मासा यांतला फरक कळत नव्हता. नवरा मात्र जातिवंत दर्यावर्दी. मितभाषी इतका की दिवसाला दहा वाक्यं बोलला तर बाई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या. फळा त्याने सुरू केला. रोज भरती पूर्ण भरली की तो थर्मामीटर घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांकडे जाई, परत येई आणि अंश लिही. बाई तेवढ्या वेळात दुकान सांभाळत. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला भिंतीत एक गंजकी लोखंडी कडी होती. तो तिथेच थांबतो, एवढं त्यांना दुकानाच्या दारातून दिसायचं.

अकरा वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्याने गेला. चौथ्या दिवशी बाईंनी खडू हातात घेतला. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्या सगळ्यांसमोर त्यांची धाकटी नणंद म्हणाली, “दादाचा फळा दादाबरोबर जाऊ दे, वहिनी. तुला ते जमायचं नाही.”

झालं. नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईला सगळ्यांदेखत असं म्हणायचं? बाईंनी नणंदेशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दोघींची घरं एका गल्लीत, पाण्याचा नळ एक, पण अकरा वर्षांत एक अक्षर नाही. नणंद रोज ओहोटीला चिखलात उतरून शिंपले गोळा करायची आणि विकायची. ती फळ्यासमोरून जाताना मान वळवून दुसरीकडे बघायची, आणि ते बाईंना रोज दिसायचं. रोज त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि बाईंना ते जमलं. नवरा ज्या कडीपाशी थांबायचा तिथूनच, भरती पूर्ण भरल्यावरच, दोरी कमरेइतकी खोल सोडून, तीनशे आकडे मोजून त्या पारा बघायच्या. पाऊस असो, वादळ असो, ताप असो. वसंताच्या तोंडावर तर डोळ्यांत तेल घालून बघायच्या, कारण तिथलं सगळं वर्षच त्या दोन-तीन आठवड्यांवर तोललेलं असे.

थंडीत छोट्या होड्या खोल समुद्रात तळाचा मासा धरत. वसंत सुरू झाला की तो मासा थंड पाण्यामागे निघून जाई, आणि त्याच सुमाराला अंगावर काळे पट्टे असलेला चंदेरी पट्टेरी मासा किनाऱ्याजवळ येई. उन्हाने किनाऱ्यालगतचा काळा चिखलपट्टा तापतो, त्यावरचं पाणी कोमट होतं, ओहोटीबरोबर ते चिखलातल्या चराच्या तोंडातून खाली उतरतं, आणि त्या कोमट पाण्यामागून बोय माशांची पिल्लं आणि पिल्लांमागून पट्टेरी. पण पाणी बारा अंश किंवा त्याहून वर तीन दिवस टिकल्याशिवाय तो येत नाही. खोल पाण्यातला मासा लवकर सोडला तर तो हातचा जातो, उशिरा सोडला तर पट्टेरीची पहिली टोळी मोठी गलबतं उचलतात. म्हणून छोट्या होडीवाल्यांचा जीव त्या फळ्यावर टांगलेला असे. तीन दिवस पूर्ण झाले की बाई पाचही ओळी पुसून मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहीत: ‘आले.’ अकरा वसंतांत तो शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता.

या वर्षी मात्र फळ्याच्याच मुळावर उठलेला एक माणूस होता. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. तीन गलबतांचा मालक, आवाज लोण्यासारखा, आणि कोणाचंही मन न दुखवता त्याची खुर्ची काढून घेण्यात पटाईत. समुद्रात दोन मैलांवर एक पिवळं तरंगतं यंत्र सोडायचं, त्यावरून पाण्याचे अंश धक्क्यावरच्या पडद्यावर आपोआप झळकवायचे, आणि फळ्याला सन्मानाने निरोप द्यायचा, असा त्याचा बेत होता. सन्मानाने, हा शब्द त्याने बाईंना तोंडावर ऐकवला होता. रविवारी संस्थेच्या बैठकीत मतदान व्हायचं होतं. यंत्र चाचणीसाठी सोडलेलंही होतं आणि ते सात अंश दाखवत होतं.

बाई चिडल्या त्यात नवल नव्हतं, पण त्यांचं म्हणणं बरोबरही होतं. दोन मैलांवरचं खोल पाणी आणि चिखलपट्ट्यावरचं उथळ पाणी यांचा संबंध काय? त्यांनी फळ्यावर पाचव्या ओळीत लिहिलं, ‘ज्यांना दोन मैलांवरचे अंश हवे आहेत त्यांनी दोन मैल पोहत जावं.’

आणि पारा चढायला लागला. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस लवकर. सोमवारी बारा, मंगळवारी सव्वाबारा. बाईंना आत गुदगुल्या होत होत्या. रविवारच्या आधी पट्टेरी धक्क्याला लागला की पडद्याचं कसं नाक कापलं जाईल, हे त्यांनी उशीवर डोकं टेकून दोन-तीन वेळा बघून घेतलं होतं. बुधवारी सकाळी कडीपाशी पारा साडेबारावर थांबला. बाईंनी सगळा फळा पुसला आणि खडू मोडेपर्यंत जोर लावून लिहिलं: ‘आले.’

दुपारपर्यंत पाच छोट्या होड्यांनी खोल पाण्यातल्या दोऱ्या उचलल्या. सगळ्यांत आधी उचलल्या त्या लांब्याने. लांब्या म्हणजे साडेसहा फुटांचा, कमी बोलणारा होडीवाला. बाईंच्या नवऱ्याने त्याला होडी वल्हवायला शिकवलं होतं, आणि फळ्याचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा असे.

संध्याकाळी दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं असताना दारात नणंद उभी राहिली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले, पाठीवर शिंपल्यांची ओली पिशवी. बाईंचं लक्ष आधी स्वच्छ फरशीवर उमटलेल्या पावलांकडे गेलं.

नणंदेने प्रस्तावना केली नाही. पाणी गार आहे, असं तिने सांगितलं. चराच्या तोंडाशी उभी राहून ती आत्ताच आली होती, पोटऱ्या बधिर झाल्या होत्या. मासा यायला अजून वेळ आहे. “माझ्या पायांना विचार, वहिनी.”

पाराबाईंनी काउंटरवरचा थर्मामीटर उचलून तिच्यासमोर धरला. “हे काय आहे, ठाऊक आहे ना? हे असताना मी तुझ्या पायांना विचारू? आणि तुला पायांनाच विचारायचं असेल तर खांद्यावर डोकं कशाला वागवतेस?”

गिऱ्हाइकांपैकी एक फसकन हसला. जाताना नणंद एवढंच म्हणाली की धक्क्याखाली एकदा ओहोटीला जाऊन बघ. बाईंनी ते कानाआड केलं, बादली आणली आणि ती गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत फरशी पुसून काढली. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी कोणालाच काही लागलं नाही. पहिला दिवस, चालायचंच. बाईंनी ‘आले’च्या खाली बारीक अक्षरात सूचना लिहिल्या: ओहोटी सुरू झाल्यावर तासाभराने चराच्या तोंडाशी जा, शिसं हलकं लावा, आमिष शिंपल्याचं वापरा. शुक्रवारीही पाचही होड्या रिकाम्या आल्या. त्याच दिवशी अध्यक्षाची गलबतं खोल पाण्यातून तळाच्या माशाने भरून आली, हंगामातली बहुधा शेवटची भरलेली खेप. बाईंचा तोल सुटला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी फैलावर घेतलं. तुम्हाला दोरी ओढता येत नाही, तुम्ही होडीत डबे आपटता, तुम्ही मासा हुसकावून लावता, आणि मग फळ्याकडे बघून तोंडं वाकडी करता. एका म्हाताऱ्याला तर त्यांनी सांगितलं की तुमच्या खोकल्याने मासे पळाले.

शनिवारी सकाळी फळ्यावर ‘आले’ या शब्दाखाली कोणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं: ‘कुठे?’

बाई त्या एका शब्दासमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. अक्षर ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं. पुसलं तर भ्याले असं होईल. मागे लांब्या येऊन उभा होता. तो तक्रार करायला आला नव्हता, तो कधीच करत नसे. त्याने फक्त विचारलं की आता काय करू, खोल पाण्यात परत जाऊ का, पण तिथला मासा तर कालच निघून गेला म्हणतात. बाईंनी त्याच्यावरही खेकसायला तोंड उघडलं. आणि शब्द सुचला नाही. शब्द न सुचणं ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाली होती, आणि त्याचाही त्यांना राग आला.

दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, नवऱ्याची गळाची काठी उचलली, थर्मामीटर गळ्यात टाकला आणि ओहोटीच्या मागोमाग चिखलपट्ट्यावर उतरल्या. मीच धरून दाखवते, असं त्या मोठ्याने म्हणाल्या, ऐकायला कोणी नसताना. चिखलात त्यांचे बूट रुतून बसले. एक निघाला, दुसरा निघेना. शेवटी चरफडत दोन्ही काढले, हातात घेतले आणि तशाच पुढे गेल्या. चराच्या तोंडाशी पाण्यात पाऊल टाकलं, आणि हाडापर्यंत कळ गेली.

थोड्या अंतरावर नणंद वाकून शिंपले उचलत होती. तिने मान वर केली. बाईंनी तिच्याकडे न बघता थर्मामीटर पाण्यात सोडला आणि तीनशे मोजले. साडेआठ. थर्मामीटर बिघडला असणार, असं म्हणून त्यांनी तो झटकला आणि पुन्हा तीनशे मोजले. साडेआठ.

“धक्क्याखाली बघ, असं सांगितलं होतं तुला,” नणंद म्हणाली. आवाजात टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

धक्क्याखाली बाई कधी ओहोटीला गेल्या नव्हत्या. त्यांचं काम भरतीचं, ओहोटीला त्या दुकानात. आज पाणी खाली गेल्यावर भिंत उघडी पडली होती, आणि त्यांच्या लोखंडी कडीच्या बरोबर खाली, हातभर डावीकडे, एक नवा कोरा जाड पाइप भिंतीतून बाहेर आलेला होता. त्यातून सतत पाणी पडत होतं. त्या पाण्याच्या डबक्यात बोयांची इवलाली पिल्लं गर्दी करून होती, बाहेर सगळा समुद्र मोकळा टाकून. बाईंनी पाण्यात हात घातला. कोमट.

पाइप कुठून येतो हे विचारायची गरज नव्हती. वर बर्फाचा कारखाना होता. थंडगार बर्फ बनवणारी यंत्रं स्वतः तापतात, आणि त्यांना गार करून तापलेलं पाणी कुठेतरी सोडावं लागतं; आजवर ते दुसरीकडे सुटायचं. भरतीला तो पाइप बुडून जायचा, आणि बाई वरून नेमकी त्याच पाण्यात दोरी सोडायच्या.

चिखलाचे पाय आणि हातात बूट अशा थाटात त्या कारखान्यात शिरल्या. यंत्रांचा मिस्त्री खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. बाईंनी त्याला जे सुनावलं ते यंत्रांच्या आवाजावरून बाहेर रस्त्यापर्यंत गेलं. पाच होड्यांचा हंगाम बुडवलात, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, पाइप हलवताना जिभा झडल्या होत्या का. मिस्त्री शांत माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नोटीस लावली होती, बाई. थंडीतच. मला ठाऊक होतं तुम्ही तिथून पाणी मोजता. म्हणून मुद्दाम तुमच्याच फळ्याच्या चौकटीवर लावली होती.”

बाईंना तो कागद आठवला. टरकावतानाचा आवाजही आठवला. त्या बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून एकेक बूट चढवायला लागल्या. उजवा डाव्या पायात घातला, ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही. स्वतःचा राग आला की तो कोणावर काढायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी शनिवारची रात्र भांडी घासण्यात काढली, घासलेलीच पुन्हा.

रविवारी संस्थेचं सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षाला पाइपची बातमी आधीच पोचली होती, कारखान्यातली ओरड अख्ख्या धक्क्याने ऐकली होती. नोटिशीचं मात्र मिस्त्रीने कोणाला सांगितलं नव्हतं. अध्यक्ष लोण्याच्या आवाजात म्हणाला की कारखान्याने न सांगता पाइप हलवला, यात बाईंची काय चूक, आपण कारखान्याच्या निषेधाचा ठराव करू. सभागृहात माना डोलल्या. शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की मग फळा या वर्षी तरी राहू द्या. आणखी दोघांनी री ओढली. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. फळा वाचला होता.

लांब्या दोन रांगा पुढे बसला होता. त्याने वळून बाईंकडे बघितलं आणि दिलासा द्यावा तशी मान हलवली. तेवढ्याने सगळं बिघडलं.

पाराबाई उठल्या. “कारखान्याने सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “नोटीस माझ्या फळ्यावर लावली होती. मी ती न वाचता फाडली. माझ्या नणंदेने दुकानात येऊन सांगितलं की पाणी गार आहे, तर मी तिला चार लोकांत घालवून दिलं. चूक माझी आहे. कारखान्याची नाही आणि समुद्राची तर नाहीच.” मग त्या अध्यक्षाकडे वळल्या, कारण राग काही संपलेला नव्हता. “पण तुमचं ते पिवळं यंत्रही चिखलपट्ट्याबद्दल खोटंच सांगणार आहे. मी एकदा खोटं सांगितलं, ते रोज सांगेल.”

मतदान झालं. पडदा जिंकला. सहानुभूतीने फळ्याला मत द्यायला निघालेले हात कबुलीनंतर खाली राहिले. माणसं अशीच असतात, दुसऱ्याच्या चुकीला क्षमा करायला ती तयार असतात, फक्त ती चूक त्याने स्वतः सांगायला नको.

संध्याकाळी बाई स्वतःच फळा काढायला गेल्या. खांबावरचा खिळा गंजला होता आणि एका माणसाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. दुसरी बाजू कोणीतरी धरली. नणंद होती. दोघींनी मिळून फळा उतरवला आणि पायऱ्यांजवळच्या भिंतीला टेकवून दम खात उभ्या राहिल्या. बाईंची नजर त्या लोखंडी कडीवर गेली, आणि बांध फुटला. वीस वर्षं तुझा भाऊ या कडीपाशी उभा राहून पाणी मोजायचा, त्या म्हणाल्या, मी अकरा वर्षं मोजलं, एक तसूभर जागा बदलली नाही, आणि शेवटी हे पदरात पडलं.

नणंदेला खरंच कळेना.

“दादा इथे मोजत नव्हता, वहिनी. इथे तो चपला अडकवायचा.”

“काय?”

“चपला. कडीला अडकवायचा आणि पायऱ्या उतरून पाण्यात चालत जायचा, पार त्या समोरच्या खडकापर्यंत. पायांनी बघायचा पाणी. मला त्यानेच शिकवलं. तो थर्मामीटर लोकांसाठी होता. नुसतं पायांना कळलं असं लिहिलं असतं तर कोण ऐकणार होतं? म्हणून मी तेव्हा तसं म्हणाले. तुला पाण्यात उतरलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.”

बाई भिंतीचा आधार घेऊन पायरीवर बसल्या. वीस वर्षं तो रोज ओले पाय घेऊन घरी यायचा, आणि त्या रोज म्हणायच्या की पाय पुस. पायऱ्यांवर लाटा येतात, पाय भिजणारच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. विचारलं नाही. आणि त्याने सांगितलं नाही. बहिणीला सांगितलं, शिकवलं, आणि बायको फरशी पुसत राहिली. मेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या रागावल्या. आजवर कोणावरही रागावल्या नव्हत्या इतक्या. दहा वाक्यं रोजची, आणि त्यात हे एक बसलं नाही?

“आणि तू,” त्या नणंदेला म्हणाल्या, “अकरा वर्षं तोंडात काय धरून बसली होतीस?”

“तू बोलत होतीस का माझ्याशी?”

बाईंनी वाकून बूट काढले, नाड्यांची गाठ बांधली आणि ते कडीला अडकवले. मग नणंदेच्या खांद्याला धरून, गुडघ्यांना आणि नवऱ्याला शिव्या घालत, एकेक पायरी उतरून पाण्यात गेल्या.

त्यानंतर रोज दोघी ओहोटीला चराच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि रोज भांडायच्या. पाय काय म्हणतात ते आधी नणंदेने सांगायचं, मग बाईंनी पारा बघायचा. साडेनऊ. दहा. वारा जमिनीवरून सुटला तसं अकरा. ज्या दिवशी बारा झालं त्या दिवशी नणंद म्हणाली की उद्या येतील. बाई म्हणाल्या, तीन दिवस म्हणजे तीन दिवस, मी आता कोणाच्याही पायांच्या नादाने खडू उचलणार नाही. धक्क्यावरचा पडदा तेव्हा साडेसात दाखवत होता आणि अध्यक्षाची गलबतं बंदरात निवांत बांधलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चरातलं कोमट पाणी खाली उतरायला लागलं आणि बोयांची पिल्लं एकदम पाण्याबाहेर उसळली. त्यांच्या मागे पाण्याला फुगवटा आला, आणि एक काळ्या पट्ट्यांची पाठ क्षणभर वर येऊन गेली. बाईंच्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. त्या ओरडल्या नाहीत. नणंदेचा दंड मात्र इतका घट्ट धरला की चार दिवस तिथे बोटं उमटलेली होती.

फळा आता दुकानाच्या दाराशेजारी टांगलेला होता. जुना ‘आले’ बाईंनी केव्हाच पुसला होता, ‘कुठे?’ हा शब्द मात्र अजून कोणाला पुसू दिला नव्हता. आज तो त्यांनी स्वतः पुसला आणि खडू नणंदेच्या हातात दिला. तिने ‘आले’ लिहिलं. अक्षर वाकडं आहे, असं बाई लगेच म्हणाल्या. खडू परत घेऊन त्यांनी खाली आपली पाचवी ओळ लिहिली: ‘ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी पायताणं काढून यावं.’

लांब्या रस्ता ओलांडून आला. त्याने समोरचा पडदा बघितला, मग फळा दोनदा वाचला. मग तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.